गळासाठी गांडुळं: घरच्या टबात कशी वाढवायची

मासे धरायला निघायच्या आदल्या संध्याकाळी माझी एकच गडबड असायची. हातात कुदळ, कंबर वाकलेली, ओल कुठे सापडते याचा शोध. पाऊस होऊन गेलेला असला तर अर्ध्या तासात डबी भरायची. माती कोरडी पडली की तासभर उकरूनही चार मरतुकडी गांडुळं मिळायची, त्यातली दोन कुदळीने तुटलेली. गळ टाकायला जाणं, कुणी त्याला गरवायला जाणं म्हणतं, हा सगळा धीराचा कारभार. पण आमिषच नसेल तर धीर धरायचा कशासाठी? शेवटी जिन्याखाली एक टब ठेवला. आता आमिष लागलं की झाकण उघडायचं, एवढंच काम उरलं आहे.

हे जमतं, पण पहिल्याच फटक्यात नाही. माझे पहिले दोन टब मेले. ते का मेले हे पुढे येईलच, कारण नवा माणूस नेमक्या त्याच चुका करतो.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गांडूळखताची माहिती सगळीकडे मिळते आणि तीच वाचून लोक आमिषाचा टब लावतात. खतवाल्याला भरपूर कचरा लवकर संपवायचा असतो. त्यामुळे तो टबात गांडुळं दाटीने ठेवतो, आणि ती बारीक राहिली तरी त्याचं काही अडत नाही. आपल्याला खत नको, गांडूळ हवं आहे: जाड, चिवट, गळावर वळवळणारं. म्हणून आपला टब जरा मोकळा, खाणं मोजकं आणि काढणी सावकाश. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

कुठलं गांडूळ आणायचं

परसातली माती खणून काढलेली गांडुळं टबात टाकायची, हा पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो. माझ्याही आला होता. माझा पहिला टब म्हणजे एक बादलीच: बादलीभर माती आणि त्यात साठेक गांडुळं ठेवली होती. महिन्याभराने बादली पालथी केली तर तीन सापडली. बाकीची मरून मातीत मिसळून गेली होती.

कारण साधं आहे. सगळी गांडुळं एकाच पद्धतीने जगत नाहीत. काही मातीच्या आत आडवी बिळं करून माती खात राहतात. काही खोल उभं बीळ करतात आणि रात्री वर येऊन पानं आत ओढून नेतात. तिसरी जात जमिनीवरच्या पालापाचोळ्यात, शेणात, कुजणाऱ्या ढिगात राहते. तिला खोल जायचं नसतं, दाटी चालते आणि पैदासही भराभर होते. टबात फक्त ही तिसरी जात टिकते. लुंब्रिकस टेरेस्ट्रिस हे लांबलचक गांडूळ गळावर फार देखणं दिसतं, पण ते खोल बिळात राहणारं आहे आणि त्याला गारवा लागतो. ते विकत आणून गारव्यात साठवता येतं, टबात वाढवण्याच्या फंदात पडू नये.

टबात चालणाऱ्या जातींपैकी नवख्याने आयसेनिया फेटिडा घ्यावी. तांबड्या अंगावर पिवळसर आडवे पट्टे असतात, लांबी ६ ते १० सेंटिमीटर. थोडी थंडी, थोडी उष्णता, थोडी हेळसांड, सगळं सहन करते. गांडूळखत करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा हीच सापडते. हिच्याच नात्यातली आयसेनिया हॉर्टेन्सिस जरा जाड आणि जास्त चिवट असते, आणि गळवाल्यांत तिचा भाव वरचा आहे. पण तिची पैदास सावकाश होते. युड्रिलस युजेनी ही आफ्रिकेतली मोठी जात. जांभळट झाक, झपाट्याने वाढते, गळाला भरगच्च दिसते. तिला २४ ते ३० अंशांची ऊब हवी असते, थंडीत ती पटापट मरते, आणि काही बिनसलं की टब सोडून जाते. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस बारीक, निळसर चमकीची आणि फार चपळ. पळून जाण्यात तीही कमी नाही. आधी फेटिडावर हात बसवा, बाकीच्या नंतर.

विकत घेताना नगावर घेऊ नका, वजनावर घ्या. पूर्ण वाढलेली फेटिडा साधारण अर्ध्या ग्रॅमची असते, म्हणजे पाव किलोत पाचशेच्या आसपास. पाव किलो पुरे. त्यात पिल्लं, मोठी आणि कोष (ज्यातून पिल्लं निघतात ते दाणे) असं मिश्रण मिळालं तर आणखी चांगलं, कारण लहान गांडुळं नव्या जागेत लवकर रुळतात.

टब

फार विचार करू नका. साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचा, ३० ते ४० सेंटिमीटर खोल, उजेड आत न जाणारा प्लॅस्टिकचा टब घ्या. वरवर राहणाऱ्या जातीला खोली नको, पसारा हवा. उभी बादली घेण्यात अर्थ नाही. थर्माकोलची खोकीही चांगली, कारण आतलं तापमान पटकन चढत-उतरत नाही. लाकडी पेटी चालेल, पण देवदार किंवा चीड अशा राळेच्या वासाच्या लाकडाची नको.

तळाला दहा-बारा भोकं पाडा, त्यावर आतून बारीक जाळी किंवा जुन्या कापडाचा तुकडा ठेवा. झाकणाच्या खाली, चारही बाजूंना हवेची भोकं पाडा आणि त्यांनाही जाळी चिकटवा. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. हवा कोंडली की गुदमरतं, कातडी वाळली तरी गुदमरतं. टब दोन विटांवर उचलून ठेवा आणि खाली ताट सरकवा.

जागा सावलीची आणि शांत हवी. शांत हा शब्द उगाच लिहिलेला नाही. चार्ल्स डार्विनने गांडुळांसमोर वाद्यं वाजवून पाहिली होती. नुसत्या आवाजाची ती दखल घेत नाहीत. पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की ती झटकन बिळात शिरतात. त्यांना ऐकू येत नाही, हादरा मात्र कळतो. तेव्हा टब कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी किंवा पाण्याच्या पंपापाशी ठेवू नका. सतत थरथरणाऱ्या जागी ती नीट खात नाहीत आणि बाहेर पडायची वाट शोधत राहतात.

अंथरूण

गांडुळं ज्यात राहतात त्याला आपण अंथरूण म्हणू. माती नव्हे. ते हलकं, पोकळ, पाणी धरणारं आणि हळूहळू खाल्लं जाणारं हवं. फाडलेला खोक्याचा पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या, वाळकी पानं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जुनं मुरलेलं शेण, यातलं जे हाताशी असेल ते मिसळा. माझं मिश्रण अर्धा पुठ्ठा, पाव कोकोपीट आणि पाव मुरलेलं शेण असं असतं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यातून धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असू शकतात. चकचकीत छपाईचा कागद वापरू नका.

शेणाबद्दल दोन गोष्टी. ताजं शेण कधीही नको. ते आतून तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो, एका रात्रीत टब रिकामा होऊ शकतो. ढिगाच्या पोटात हात घातल्यावर ऊब लागत नसेल आणि शेणाचा वास जाऊन मातीचा येत असेल, तरच ते मुरलं असं समजा. दुसरं, जनावराला नुकतंच जंताचं औषध दिलं असेल तर त्याचं शेण घेऊ नका. काही औषधं शेणातून बाहेर पडतात आणि गांडुळांनाही भोवतात.

सगळं पाण्यात भिजवून पिळून टबात १५ ते २० सेंटिमीटरचा थर द्या. दाबू नका. वर मूठभर बागेतली माती भुरभुरवा, कारण गांडुळाला दात नसतात. खाल्लेलं अन्न ते पोटातल्या पेषणीत दळतं आणि त्यासाठी बारीक कण लागतात. अंड्याची कवचं वाळवून अगदी पूड केली तर तेही काम होतं, शिवाय अंथरूण आंबट होत नाही.

आता एक आठवडा थांबा. टब तयार, गांडुळं नाहीत. हा आठवडा कुणालाच सोसवत नाही. पण या दिवसांत अंथरुणात बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि गांडुळाचा खरा आहार तोच आहे. शिवाय अंथरूण तापणार असेल तर याच दिवसांत तापून निवतं.

पहिली रात्र

आणलेली गांडुळं सकाळी किंवा दुपारी टबावर पसरा, गाडू नका. उजेड नको असल्याने ती आपण होऊन खाली जातात. पाच-दहा मिनिटांत बहुतेक दिसेनाशी होतील. अर्ध्या तासानेही वरच निपचित पडलेली उचलून टाका.

पहिल्या दोन-तीन रात्री टबावर दिवा लावून ठेवा. नव्या जागेत गांडुळं अंधार पडला की फिरायला निघतात. मी दिवा न लावता झोपलो आणि सकाळी फरशीवर वाळलेल्या सुतळीचे तुकडे पडल्यासारखी सात-आठ गांडुळं दाराच्या दिशेने गेलेली सापडली. वर उजेड असला तर ती खालीच राहतात, आणि तीन रात्रींत जागा अंगवळणी पडते. यानंतरही ती भिंतीवर चढत असतील तर आत काहीतरी बिघडलं आहे. पावसाळी, दमट रात्री थोडी चढाचढ होते, ती मात्र मनावर घेऊ नका.

खाणं, म्हणजे जिथे सगळे चुकतात

फेटिडा दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मं खाते असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते रुळलेल्या, भरलेल्या टबाचं आणि सगळं अनुकूल असतानाचं वरच्या टोकाचं माप आहे. नव्या टबात पाव किलो गांडुळांना तीन-चार दिवसांतून एकदा दोन मुठी खाणं पुरे.

भाज्यांची सालं आणि देठ, केळ्याची साल, फळांचे लगदे, वापरलेली चहापूड किंवा कॉफी, हे सगळं चालतं. बारीक चिरून द्या. आधी गोठवून मग वितळवलं तर साल मऊ पडते आणि गांडुळांना लवकर खाता येते. शिवाय त्यातली चिलटांची अंडीही बरीचशी मरतात. मांस, मासे, दूध, तेलकट आणि मिठाचं काहीही नको. लिंबू-संत्र्याची सालं, कांदा, लसूण, मिरची टाळा. मीठ तर थोडंसुद्धा वाईट, कारण ते कातडीतलं पाणी शोषून घेतं.

खाणं वर पसरू नका. अंथरुणात एका कोपऱ्यात खळगा करा, त्यात टाका आणि झाका. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. पहिल्या कोपऱ्याकडे परत येईपर्यंत तिथलं संपलेलं असायला हवं. नसेल तर नवीन देऊ नका. नियम हाच, बाकी वजन-मापांचा फार विचार करू नका.

माझा दुसरा टब इथेच गेला. गांडुळं छान खात होती म्हणून मला चेव चढला. एका रविवारी उरलेला भात आणि पिठाचा मोठा गोळा टबात पुरला. मंगळवारी झाकण उचललं तर नाकात झिणझिण्या आल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला गांडुळांचा गुंता लोंबत होता. गोळ्यात बोट घातलं तर गरम लागलं. अंथरुणातल्या बऱ्याच गांडुळांना जागोजागी गाठी आल्या होत्या, एखाद्या मण्यांच्या माळेसारख्या. पिष्ट आणि प्रथिनांचं खाणं जास्त झालं की ते पोटात आंबतं आणि गांडूळ असं गाठाळतं. तसं गांडूळ वाचत नाही. झाकणावर चढलेली तेवढी वाचवून नव्या अंथरुणात टाकली.

वासावर लक्ष ठेवा. चांगल्या टबाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. आंबट, कुजका किंवा नाकाला झोंबणारा वास आला की खाणं ताबडतोब काढा, अंथरूण हाताने उकरून पोकळ करा, कोरडा पुठ्ठा फाडून मिसळा आणि आठवडाभर काही देऊ नका. उपाशी राहून गांडुळं मरतील ही भीती सोडा. ती अंथरूणच खातात.

ओल आणि ऊब

गांडुळाच्या अंगात सुमारे ८० टक्के पाणी असतं. अंथरूण मुठीत घट्ट पिळा: बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, हात नुसता ओलसर झाला तर कमी. वर ओलं गोणपाट टाकून ठेवलं तर वरचा थर वाळत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून वापरा.

फेटिडाला १५ ते २५ अंश मानवतात. तीस ओलांडले की ती सुस्तावते, पस्तीसच्या आसपास मरायला लागते. उकाड्यात खाणं निम्म्यावर आणा, कारण कुजणारं अन्न स्वतःही उष्णता देतं. ओल्या गोणपाटावरून वारा खेळू द्या, किंवा गोठवलेल्या पाण्याची बाटली अंथरुणावर ठेवा.

कोष, पिल्लं आणि थांबण्याचा हिशोब

महिन्याभरानंतर अंथरूण हळूच उकरा. चिमुकल्या लिंबासारखे, काडेपेटीच्या काडीच्या गुलाइतके दाणे दिसतील. ते कोष. ताजा कोष फिकट पिवळा असतो, पिल्लं बाहेर यायच्या सुमाराला तो तांबूस-तपकिरी होतो. उजेडासमोर धरला तर आत हालचाल दिसते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं, एवढंच सांगतो.

प्रत्येक गांडुळात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, तरी पैदाशीला बहुधा दोघांची गाठ पडावी लागते. वयात आलेलं गांडूळ ओळखायची खूण म्हणजे डोक्याच्या बाजूला अंगाभोवती आलेला फुगीर पट्टा. कोष याच पट्ट्यापासून तयार होतो. तीन-चार आठवड्यांत एका कोषातून साधारण २ ते ५ पिल्लं निघतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्यांनाही पट्टा येतो.

आता हिशोब करा. सगळं नीट असेल तर तीनेक महिन्यांत संख्या दुप्पट होते असं धरून चाला. पाचशेची हजार. म्हणजे आठवड्याला सरासरी चाळीस नवीन. एका दिवसाच्या गळाला तीस-चाळीस गांडुळं सहज लागतात. पहिल्याच आठवड्यापासून काढायला लागलात तर टब आहे तिथेच राहील, आणि एखादा वाईट आठवडा आला की घसरेल. त्यापेक्षा पहिले तीन महिने एकही काढू नका. त्यानंतर हजारातून आठवड्याला चाळीस काढलीत तरी टब वाढतच राहतो. या तीन महिन्यांत गळासाठी पुन्हा कुदळ हातात घ्यावी लागेल, ती घ्या.

दर तीन-चार महिन्यांनी अंथरूण बदला. ते काळं, चिकट आणि बारीक झालं म्हणजे त्यात खाण्यासारखं काही उरलेलं नाही, नुसती विष्ठा आहे. निम्मं काढून कुंड्यांना घाला, पण त्यातले कोष आधी वाचवा: काढलेलं खत डब्यात ओलसर ठेवा, एका बाजूला केळ्याची साल पुरा, आणि तीन-चार आठवडे तिथे जमणारी पिल्लं उचलत राहा.

काढणी आणि पोसणी

गांडुळं वेचायला सर्वांत सोपा मार्ग उजेडाचा. जाड प्लॅस्टिकवर अंथरुणाचे चार-पाच शंकूसारखे ढीग करा आणि वर तेजस्वी दिवा ठेवा. गांडुळाला डोळे नसतात, पण कातडीला उजेड कळतो. ती ढिगाच्या पोटात शिरतात. दहा मिनिटांनी वरचा थर हलक्या हाताने काढा, थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाला गांडुळांचा गोळा उरतो. थोडीच हवी असतील तर रात्री लाल दिव्याची विजेरी घेऊन गोणपाट उचला. लाल उजेड त्यांना जवळजवळ जाणवत नाही, वर आलेली जाडी गांडुळं निवांत उचलता येतात.

आता खास गळवाल्यांची युक्ती. काढलेल्यांतली पट्टा असलेली पन्नास-साठ गांडुळं वेगळ्या लहान डब्यात, मोकळ्या कोकोपीटमध्ये ठेवा. दाटी कमी झाली की फेटिडा जाड होते. वर कोंबड्यांच्या भरड खाद्याची किंवा धान्याच्या पिठाची चिमूट भुरभुरवा, पाण्याचा हबका मारा. चिमूट म्हणजे चिमूट. माझा गोळा आठवा. दोन दिवसांत संपलं नाही तर काढून टाका. दोन-तीन आठवड्यांत त्याच गांडुळांचा फरक बोटांना जाणवतो. दोन टबांचा हा खेळ जमला की मोठ्या टबाला फारसा हात लावावा लागत नाही.

बिनबोलावलेले पाहुणे

बहुतेक निरुपद्रवी असतात. उड्या मारणारे पांढरे ठिपके कुजणारं खातात, त्यांना राहू द्या. पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे पाहून पिल्लं झाली असं वाटतं. नीट बघा, गांडुळाच्या पिल्लाच्या अंगात लालसर रेघ दिसते, या किड्यांत दिसत नाही. ते खूप वाढले तर अंथरूण आंबट आणि फार ओलं झालं आहे. तपकिरी गोचिडीसारखे चिमुकले माइट्स खाण्यावर थर करून बसले तर कलिंगडाची साल पालथी ठेवा, सकाळी माइट्ससकट उचलून फेका, आणि टब जरा कोरडा करा.

मुंग्या आल्या तर टबाखालच्या विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवा. त्या आल्या याचा अर्थ बहुधा अंथरूण वाळलं आहे. राखाडी-तपकिरी, चपट्या, खंडखंडांच्या अळ्या दिसल्या तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या. गांडुळांना खात नाहीत, पण त्यांचं खाणं फस्त करतात. वेचा आणि गळाला लावा, चांगलं आमिष आहे.

खरे शत्रू दोनच: गोम आणि चपटकृमी. फावड्यासारखं पसरट डोकं असलेला चपटकृमी गांडुळाला लपेटून खातो. त्याला कापू नका, तुकड्यांतून नवे होतात. चिमट्याने उचलून मिठात टाका.

गळाच्या आदल्या दिवशी

टबातून थेट गळाला लावलेलं गांडूळ मऊ असतं, पोट मातकट भरलेलं, आणि दोनदा पाण्यात फेकलं की सुटून येतं. म्हणून एक-दोन दिवस आधी ती ओल्या शेवाळात ठेवा. पोट रिकामं होतं, रंग उजळतो, कातडी चिवट होते. १७व्या शतकातले इंग्रज गळवालेही हेच करत, त्यामुळे यात माझं काही डोकं नाही. शेवाळ नसेल तर ओल्या, छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या चालतात. मेलेलं एखादं दिसलं की लगेच काढा, त्याच्यामुळे बाकीची बिघडतात.

फेटिडा आणि हॉर्टेन्सिस आठवडाभर फ्रिजच्या खालच्या, कमी गार कप्प्यात राहतात. डबीवर काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा, घरातली शांतता टिकेल. युड्रिलस फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, थंडीने मरते.

पाण्यावर जाताना फिकट रंगाची, भोकांची डबी ओल्या फडक्यात गुंडाळा. फडकं वाळत जातं तशी डबी गार राहते. बंद गाडीत किंवा उन्हात विसरलात तर अर्ध्या तासात लगदा होतो.

लावताना बारीक तारेचा गळ घ्या. पट्ट्याच्या जरा खालून टोक घालून थोडं अंतर सोडून बाहेर काढा आणि दोन्ही टोकं मोकळी सोडा. सगळं गांडूळ गळावर मोज्यासारखं चढवलं तर ते हलत नाही, आणि मासा येतो तो हालचालीवर. लहान माशांना एक, तळाशी चरणाऱ्या मोठ्या माशांना तीन-चारांचा झुपका. फेटिडाला टोचलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव येतो. नावातल्या फेटिडाचा अर्थच दुर्गंधी. काही जण म्हणतात मासा या वासाला नाक मुरडतो. माझ्या माशांनी अजून तक्रार केलेली नाही. गांडूळ तोडून दोन केलं की दोन जगतात हे मात्र खोटं. शेपटीकडचा तुकडा मरतो, डोक्याकडचा जगलाच तर जगतो.

आणि हे गोड्या पाण्याचं आमिष आहे. खाऱ्या पाण्यात गांडूळ लगेच मरून ढिलं पडतं.

डबीत उरलेली

उरलेली गांडुळं काठावर उपडी करू नका. उत्तर अमेरिकेत हिमयुगातल्या बर्फाने झाकलेल्या प्रदेशांत मुळात गांडुळंच नव्हती, तिथली जंगलं त्यांच्यावाचून वाढली. पुढे बाहेरून आलेली गांडुळं तिथे पसरली आणि त्यात गळवाल्यांनी फेकलेल्या आमिषाचाही हात होता. ती जमिनीवरचा पानांचा थर खाऊन टाकतात आणि त्या थरावर जगणारी रोपं उघडी पडतात. आपली टबातली जातही बहुधा कुठूनतरी बाहेरून आलेली असते.

डबी घरी आणा. पण मोठ्या टबात लगेच ओतू नका, दिवसभराच्या उन्हात त्यातली काही अर्धमेली झालेली असतात. पोसणीच्या डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी जी आत गेली ती जगली. वर राहिलेली कुंडीच्या मातीत पुरा, आणि हात साबणाने धुवा.